चिमण्या-फाकड्याची जिप्सी

आमच्या घरात गाडी यायच्या आधी गाडीचे टायर आले. चांगले जाडजूड, बोटभर खोल नक्षीचे, चार. दोन दिवाणाखाली गेले, दोन गॅलरीत. गॅलरीतल्या एकात तुळस लावू का, असं मी विचारलं, तर अशोक दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. अशोक म्हणजे माझा नवरा. नोकरी विमा कचेरीत, पाठदुखी जुनी आणि छंद नवा, ऑफरोडिंगचा (धड रस्ता सोडून दगडाधोंड्यांतून, चिखलातून गाडी नेणे). त्याला चारी चाकं ओढणारी एक छोटी गाडी हवी होती. तिची उंची वाढवायची, टायर बदलायचे, पुढे लोखंडी बंपर ठोकायचा आणि तिला पार रानदांडगी करून टाकायची, असा बेत होता.

मी शाळेत गणित शिकवते. मी अट एकच घातली, गाडी मला पसंत पडल्याशिवाय घ्यायची नाही. परीक्षा संपल्या आणि आम्ही शिवाजीनगरहून नाशिकच्या बाजूची एसटी पकडली. सोबत एक टायर होता. का, तर गाडीला तो बसतो की नाही ते पाहायला नको? लोक पायाला चप्पल शोधतात, आमच्याकडे चपलेला पाय शोधणं चाललं होतं.

कंडक्टरनं टायरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "खिडकीत कोण बसणार, ताई? तुम्ही का हे?"

टायर बसला. मी मधे. राजगुरुनगर येईपर्यंत अशोकनं मला लो गिअर समजावून सांगितला. "एक छोटा दांडा असतो. तो लोमध्ये टाकला की चारी चाकांना अशी ताकद येते की गाडी भिंतसुद्धा चढेल. हळू चढेल, पण चढेल."

"आपल्याला भिंत कशाला चढायचीय?"

"अगं, चढू शकते, असं म्हणतोय मी."

"आपल्याकडे जिना आहे," मी म्हटलं आणि डोळे मिटून घेतले.

पहिली गाडी पेठला होती. मालक फाटकाशीच बोट ओठांवर ठेवून उभे. "दावतो गाडी. पण आवाज करू नका, भाऊ." जीप आंब्याखाली होती आणि ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. अशोकनं पायाच्या चवड्यांवर चालत टेपनं चाकं मोजली. कोंबडीची नजर त्याच्यावरून हलेना. चालवून बघू का, असं त्यानं कुजबुजत विचारलं, तर मालकांना खरंच वाईट वाटलं. "आता कसं उठवायचं तिला? पिल्लं निघाली की या की."

दुसरी आळेफाट्याला, एका गॅरेजात. बाजूनं ट्रक चाललेले, धुळीनं तोंडात कचकच, आणि चहा मात्र फक्कड. गाडी बाहेरून झकास दिसत होती. अशोक खाली वाकून म्हणाला, "पुढच्या चाकांना शाफ्टच नाही हो. चारी चाकं ओढतात कशी?"

"ओढायला कशाला पायजेल?" मिस्त्री म्हणाले. "ढकलायला माणसं हायेत की आपल्याकडं."

उरली ती निमगाव साव्याची. तिच्या मालकांशी अशोक एसटीडी बूथवरून बोलला होता आणि त्यांनी गाडी जिप्सी आहे, शाफ्ट आहे आणि कोंबडी नाही, याची ग्वाही दिली. आम्ही वडाप (मावतील त्याच्या दुप्पट माणसं भरून नेणारी जीप) धरलं. टायर टपावर गेला. उतरलो तेव्हा त्याच्या पोटात कुणाची तरी मेथी, कुणाची चप्पल आणि एक लोटा होता. ते ज्याचं त्याला परत करण्यात वडापचा चांगलाच खोळंबा झाला, पण कुणी चिडलं नाही.

गाडीचे मालक तात्या. साठीचे, उंच, डोईला पांढरी टोपी. घराला लागून गोठा, गोठ्यात बैल आणि बैलांसमोर जिप्सी. धुऊन पुसून उभी केलेली, पुढच्या काचेला हळदीकुंकू. मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, पण इतक्या मायेनं ठेवलेलं वाहन मी आजवर पाहिलं नव्हतं. अशोकनं आपला टायर तिच्या चाकाशी धरला. तो पत्र्याला अडत होता.

"थोडा पत्रा कापला की बसेल," अशोक आनंदानं म्हणाला.

तात्यांनी त्या पत्र्यावरून हात फिरवला.

जेवायला तात्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, मासवडी केली होती (नावात मासा, पण आत तीळ, खोबरं, लसूण नि बाहेर बेसन). बाजरीची भाकरी आणि नाकातून पाणी काढणारा रस्सा. जेवताना गाडी विकण्याचं कारण कळलं.

या भागात यात्रेला बैलगाड्याची शर्यत असते. चढावर आखलेल्या धावेला घाट म्हणतात, त्याच्या वरच्या टोकाला निशाण असतं. गाड्याला चार बैल, त्यांच्या पुढे वाट दाखवायला घोडी आणि तिच्यावर स्वार. एका गाड्याची एक धाव म्हणजे बारी. तात्यांच्या गाड्याचे मागचे दोन बैल मेव्हण्याचे, पुढचे दोन तात्यांचे स्वतःचे, चिमण्या आणि फाकड्या. सगळी मदार पुढच्या दोघांवर. मागल्या साली चिमण्या भर घाटात खाली बसला आणि रवंथ करू लागला.

"माईकवाला काय म्हणला ठावं हाय का?" तात्यांचा घास हातातच राहिला. "म्हणला, तात्यांची बैलं पळायला न्हाई, देवदर्शनाला आल्याती. सारी पंचक्रोशी हसली, राव."

"तवापासनं चावडीवर च्या प्यायला न्हाई गेलं हे," काकू म्हणाल्या. "घरातच पित्यात. वरीसभर."

म्हणून तात्यांनी सराव सुरू केला. जिप्सीत मागे पेंडीची पाटी ठेवायची, गाडी पुढे काढायची आणि बैल मागे पळवायचे. बैल असे पळू लागले की बघत राहावं. पण घाटात गाडी चालत नाही, घोडीच लागते, म्हणून तात्यांनी घोडी आणली आणि गाडी विकायला काढली. आता यात्रा उद्यावर आली होती.

"उंद्या बैलं निशाणापात्तुर गेली की गाडी तुमची," तात्या म्हणाले. "गेली म्हंजी बास. नंबर नगं मला. निस्ती वर जाऊ द्यात."

संध्याकाळी त्यांनी गाडा जुंपला आणि घोडी पुढे काढली. चिमण्यानं घोडीकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. फाकड्यानं शेपटीनं माशी हाकलली. तात्या चुचकारत होते, मेव्हणा ओरडत होता, घोडी चारदा गेली नि चारदा परत आली, तरी बैल ढिम्म.

नेमकं तेव्हाच अशोकला गाडी चालवून बघायची लहर आली. मी शेजारी बसले. इंजिन सुरू झालं, आम्ही बांधाच्या वाटेला लागलो आणि मागून जमीन हादरल्यासारखा आवाज आला. वळून बघते तर चारी बैल गाड्यासकट आमच्या मागे!

"अशोक, बैल!"

"कुठे?"

"अहो, गाडीत शिरतायत!" मी त्याला अहोजाहो करत नाही. त्या दिवशी केलं.

अशोकनं वेग वाढवला. बैलांनीही वाढवला. तात्या लांबून ओरडत होते, "थांबू नगा! थांबू नगा!" आणि मेव्हणा ओरडत होता, "थांबा!" कुणाचं ऐकायचं? शेवटी आम्ही कांद्याच्या वाफ्यात शिरलो आणि थांबलो. बैलही थांबले. चिमण्यानं मागच्या दारातून मुंडकं आत घातलं, पेंडीची पाटी शोधली आणि ती नाही असं कळल्यावर माझी ओढणी चावायला घेतली.

तात्या धापा टाकत आले आणि तिथेच बांधावर बसले. सगळ्यांनाच एकदम उमगलं होतं. बैल घाट शिकले नव्हते, जिप्सी शिकले होते. "झालं," तात्या म्हणाले. "आता उंद्या पुन्ना दर्शन." मला हसू येत होतं आणि त्यांच्या तोंडाकडे बघवतही नव्हतं. मी अशोकला कोपरानं ढोसलं. तो म्हणाला, "तात्या, मी चालवतो उद्या. घाटात."

सकाळी शेजारच्या गावच्या यात्रेत पंचांसमोर अर्ज गेला. मुख्य पंच फेटा बांधलेले, गंभीर गृहस्थ. त्यांनी जिप्सीला एक फेरी मारली.

"गाड्याम्होरं घोडी पायजे. नेम हाय."

"घोडीच्या जागी हीच समजा की," तात्या म्हणाले.

"कशी समजू? हिला शेपूट कुठाय?"

अशोकला राहवेना. "साहेब, हिच्यात साठ घोड्यांची ताकद आहे."

पंचांनी विचार केला. "तसं असंल तर आजिबात न्हाई. एका गाड्याला एकच घोडी. तुमी साठ लावल्यावर बाकीच्यांनी काय करायचं?"

मांडवातल्या सगळ्यांना ते रास्त वाटलं. अर्धा तास चर्चा झाली आणि निकाल लागला. बारी बक्षिसात धरणार नाही, वेळ मोजणार नाही, जेवणाच्या सुट्टीत हौसेखातर पळवून घ्या. पण सुट्टीत जेवायला कोण जातंय? गाडीमागे पळणारे बैल बघायला दोन्ही बाजूंना माणूस माणसावर चढलं.

तात्यांनाच गाडी चालवायची होती, पण सुटेपर्यंत चिमण्याला धरून ठेवणं तात्यांखेरीज कुणाला जमत नसे. अशोकनं पुण्याहून आणलेलं हेल्मेट घातलं. काकू आणि मी वर निशाणापाशी जाऊन उभ्या राहिलो. काकूंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. "एकदा वर येऊ द्या गं बाई," त्या पुटपुटत होत्या, "यांना चावडीवर जाऊ द्या."

माईकवाला तोच मागल्या सालचा. "तात्यांचा गाडा! म्होरं पुण्याची पावणी घोडी! सुटला... सुटला..."

खाली धूळ उठली. इंजिनाचा केवढा आवाज! वाटलं, आता जिप्सी तोफेच्या गोळ्यासारखी वर येणार. धुळीतून जिप्सी निघाली. हळूच. इंजिन जिवाच्या आकांतानं ओरडतंय, चारी चाकं माती धरतायत आणि गाडी देवळाची पायरी चढणाऱ्या मावशीच्या चालीनं वर येतेय. माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. या शहाण्यानं चढ बघून छोटा दांडा लोमध्ये टाकला होता.

"काढ तो दांडा!" मी वरून किंचाळले. त्याला काय ऐकू येतंय, हेल्मेटमध्ये!

बैल गाडीच्या दाराला येऊन भिडले. चिमण्यानं आत मुंडकं घातलं, बाहेर काढलं. त्यानं मागे पाहिलं नाही, बसलाही नाही. मग त्यानं फाकड्याला खांद्यानं असा काही रेटा दिला की अख्खा गाडा डावीकडे वळला, गाड्याच्या चाकानं जिप्सीचा आरसा उडवला आणि चारी बैल जिप्सीला मागे टाकून सुसाट सुटले. पुढे काही नव्हतं. घोडी नाही, गाडी नाही, पेंड नाही. नुसता घाट होता नि वर आम्ही दोघी.

"झाली! झाली! भिर्रर्रर्र!" माईक फुटायची वेळ आली. बैल निशाण ओलांडून गेले. त्यांच्या मागोमाग कोण आलं असेल? तात्या. धोतर सावरत, टोपी हातात, पळत. त्यांनीही जिप्सीला मागे टाकलं होतं. चिमण्याच्या गळ्यात पडून ते लहान मुलासारखे रडले. काकूंनी माझ्या तोंडाला भंडारा फासला आणि मीही रडले, का ते मला विचारू नका.

अशोक बऱ्याच वेळानं वर पोचला. "आता घाटात येत आहे," माईकवाला म्हणाला, "शिल्लक राहिलेली घोडी. टाळ्या!" पंचांनी त्याला नारळ दिला. तो त्यानं हेल्मेट न काढताच घेतला.

त्या संध्याकाळी तात्या चावडीवर गेले. चहा प्यायला गेले ते जेवायलासुद्धा लवकर आले नाहीत. इकडे अशोक गोठ्यात हिरमुसून बसला होता. "बैलांकडून हरलेली गाडी घेऊन मित्रांना काय सांगू?"

"हीच घ्यायची," मी म्हटलं. "मला पसंत आहे. भर चढावर एक वीत मागे सरकली नाही ती. आणि तुझ्या हातात बैलांपेक्षा हळू चालणारी गाडी असलेलीच बरी."

सकाळी निघालो. टायर मागे टाकला, काकूंनी मासवडीचा डबा दिला. अशोकनं किल्ली फिरवायच्या आधी तात्यांनी हात वर केला. सगळे गोठ्याकडे बघत राहिलो. इंजिन सुरू झालं. चिमण्यानं मान उचलली, जिप्सीकडे पाहिलं आणि पुन्हा कडब्यात तोंड घातलं. फाकड्यानं तर तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

"बगा," तात्या हसत म्हणाले. "सुटली बैलं हिच्यापासनं. जावा आता बिनघोर."

आम्ही वाटेला लागलो. आरसा उडालेला, म्हणून मी मान वळवून मागे पाहिलं. तात्या गाडीमागे चालत येत होते. आधी भराभरा, मग थोडे पळत. मी अशोकच्या दंडाला हात लावला. तो थांबला. तात्या खिडकीशी आले, दम खाल्ला आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, "भाऊ, त्यो कालचा दांडा टाका की जरा. डांबरीपात्तुर. म्हंजी मला बी येता येईल."

अशोकनं छोटा दांडा लोमध्ये टाकला. जिप्सी मोठ्यानं ओरडत, पावलापावलानं निघाली आणि तात्या मागच्या दारावर पालथा हात टेकवून तिच्या मागे चालत राहिले. डांबरी रस्ता लागला तेव्हाच त्यांनी हात काढला.

आता पुण्यात जिप्सी आमच्या दारात असते. उंची वाढली, बंपर लागला, नवा आरसा बसला. अशोक मित्रांना लो गिअरचे पराक्रम सांगतो, भिंतीचं उदाहरण देऊन. टायर मात्र आम्ही तिचे जुनेच ठेवले. तो पत्रा कापायचं नाव अशोकनं पुन्हा काढलं नाही, आणि गॅलरीतल्या टायरात तुळस छान वाढली आहे.