लालबागच्या दारावरचा राता

घोडपदेवच्या आमच्या चाळीत बकुळाकाकी गिरणी कामगारांची खानावळ चालवायची. संपाआधी पंगतीला बावीस माणसं असायची, वर्षभरात चार उरली. तिचा नवरा सीताराम गिरणीत साचेवाला, म्हणजे मागावर कापड विणणारा. तोही खाडीकाठच्या गावी शेती करायला परतला.

गावात तोवर सगळ्यांनी दुकानातलं नवं भातबियाणं धरलं होतं. तांबड्या कुसळांचा जुना राता भात, जो खारट जमिनीतही तग धरायचा, कुणीच राखला नव्हता. पंच्याऐंशीच्या पावसात खाडीचा बांध फुटला आणि खाऱ्या पाण्याने नवं भात मुळापासून जळालं. सीतारामचं पत्र आलं, ‘राता कुठे मिळतो का बघ. इथे मूठभरही नाही.’

दसऱ्याला आपली माणसं गावाहून आलेल्या लोंब्या दारावर बांधतात, हे तिला आठवलं. भांडी घासून झाली की ती लालबाग-परळच्या चाळींतून दारं बघत फिरायची. बऱ्याच खोल्यांना कुलपं होती.

शिमगा सरल्यावर लालबागला एका दारावर तांबडी कुसळं दिसली. आत राधाबाई नावाची म्हातारी.

"खयचा गे ह्यां भात?"

"माझ्या भावाचा. तो एकटोच राता पेरी. गेलो तो गेल्या म्हयन्यात."

"बियाणा असतला मगे?"

"खय? बाराव्याक शिजवला सगळा."

म्हातारीने दारावरच्या लोंब्या काढून दिल्या.

बकुळाकाकीने त्या गावी धाडल्या. सीतारामने पेरलेले निम्मे दाणे उगवले. तीन वर्षांत सात घरांपुरतं बी झालं. मुंबईतल्या गावकऱ्यांच्या खोलीवर सभा भरली, तिथे बकुळाकाकीने सांगितलं, "ह्यां बी विकूचा नाय. शेजाऱ्याक देवचा." सगळ्यांनी माना डोलावल्या.

पुढच्याच वर्षी एका बियाणे कंपनीचा माणूस गावात आला. सीतारामचा चुलतभाऊ जयवंत सात घरांपैकीच एक, संपात नोकरी गेलेला. तुझ्या मुलाला कंपनीत कामाला लावतो, असं त्या माणसाने म्हटल्यावर जयवंतने पोतंभर राता देऊन टाकला. काम काही लागलं नाही. राता मात्र कंपनीचं नाव छापलेल्या पिशवीतून बाजारात आला.

बकुळाकाकी गावी गेली आणि बाकीच्या घरांतल्या बायका घेऊन बियाण्याच्या दुकानासमोर बसली. दुकानदार म्हणाला, "काकी, पिशवीवर तुमचं नाव आहे काय?" संध्याकाळी पोलिसांनी त्यांना उठवलं.

जयवंत पाया पडायला आला. ती म्हणाली, "पोटासाठी दिलंस, ता माका कळता. पण माझ्या दारात परत येव नको."

गिरणीतला कापूस छातीत साठून सीताराम त्र्याण्णवला गेला. खानावळ बंद करून ती कायमची गावी राहिली. त्या सात घरांतली चार आता दुकानातून कंपनीची पिशवीच विकत आणतात.