दादाने जीप उंच केली तेव्हा

मी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण तापीकाठच्या आमच्या गावांत अजून अशी म्हातारी माणसं आहेत जी माझा विषय निघाला की म्हणतात, "हां, तोच ना जीपवाला? तरुणपणी प्यायचा." प्यायचा म्हणे! अरे, आमच्या गुजरांच्या घरात मोहाच्या फुलांचं नाव काढायची चोरी होती. आणि हा डाग मला लागला तो केवळ माझ्या थोरल्या भावाला जीप उंच करायची हौस आली म्हणून.

सन साठच्या पुढेमागे दादाने लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप आणली. चालवायचो मी, मिरवायचा तो. गाडी गुणी होती. वळणावर स्टेअरिंग फिरवून हात सैल सोडला की चाकं आपोआप सरळ व्हायची. फक्त पावसाळ्यात केळीच्या मळ्याकडे जाताना काळ्या मातीत पोट टेकायचं. टेकेना का, बैल लावून काढायचो. पण एका वर्षी सारंगखेड्याच्या यात्रेत दादाने एका जंगल-ठेकेदाराची उंच जीप पाहिली. घोड्यावरच्या माणसाच्या बरोबरीने बसला होता तो ठेकेदार. झालं! दादाच्या डोक्यात खूळ शिरलं.

त्याने कोणाला विचारलं नाही, मला तर नाहीच. गाडी ज्यांवर तोललेली असते त्या कमानपाट्यांची टोकं ज्या पट्ट्यांवर लटकतात, त्या शॅकल म्हणतात त्या, कोणाकडून तरी लांबलचक करून आणल्या आणि चारही चाकांना ठोकून बसवल्या. जीप वीतभर उंच झाली. दादा आत बसून गावात एक फेरी मारून आला, लोकांनी वाहवा केली. दुसऱ्या दिवशीपासून भोगायला मी.

सरळ रस्त्यावर गाडी सरळ जाईना. डावीकडे ओढली की डावीकडे, सांभाळून उजवीकडे घेतली की उजवीकडे सुटायची. वळणानंतर स्टेअरिंग जिथल्या तिथे, मागे येण्याचं नाव नाही. खड्ड्यात चाक उडालं की अख्खं स्टेअरिंग हातातून हिसडा मारायचं, अंगठा सुजून यायचा. मी दादाला सांगितलं, गाडी बिघडली. तो सुपारी कातरत म्हणाला, "घोडी नवी शे. तुन्हा हातच कच्चा शे." पंधरा-सोळा वर्षांचा असल्यापासून ट्रकचं स्टेअरिंग धरलेला मी, आणि माझा हात कच्चा! तळपायाची आग मस्तकात गेली. पण थोरल्यापुढे तोंड उघडायची रीत नव्हती आमच्यात.

त्याच हिवाळ्यात माझं लग्न ठरत आलं होतं. मुलगी मी एका नात्यातल्या लग्नात पाहिली होती. तिने माझ्या बहिणीला विचारलं होतं, "ते मला गाडी शिकवतील का?" बास. हीच, दुसरी नको, असं मी तिथेच ठरवून टाकलं. फक्त तिच्या वडिलांनी घर बघून होकार द्यायचा बाकी होता. ते जवळच्याच दुसऱ्या एका यात्रेत बैल बघायला येणार होते, तिथून मी त्यांना जीपने घरी आणायचं असं ठरलं.

मी धुतलेला सदरा घालून निघालो. पाहुणे रस्त्याच्या कडेला वाट बघत उभे होते. म्हणजे त्यांनी मला लांबून येताना पाहिलं. मोकळा, सरळ रस्ता, आणि त्यावर त्यांचा होणारा जावई या कडेपासून त्या कडेपर्यंत झोकांड्या खात येतोय. उसाची एक गाडी समोरून आली, तिचा गाडीवान मला बघून बैलांसकट चारीत उतरला आणि माझ्या सात पिढ्या उद्धारल्या त्याने. मी पाहुण्यांपुढे थांबलो. ते जवळ आले, माझ्या तोंडाचा वास घेतल्यासारखे वाकले, आणि म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. मी बैलगाडीने येतो."

घरी आल्यावर ते ओसरीवर बसले, पाण्याचा तांब्या शिवला नाही. सरळ दादाला विचारलं, "हाऊ पोऱ्या दारू पेस का?"

मी दाराशी उभा होतो. मला वाटलं, दादा आता उसळून उठेल. नुसतं म्हणाला असता की जीप मी उंच केली, तेव्हापासून ती अशी चालते, तरी प्रश्न मिटला असता. दादाने अडकित्ता उचलला आणि सुपारीकडे बघत राहिला. हो नाही, की नाही नाही. जीप आपल्यामुळे बिघडली हे चार माणसांत कबूल करण्यापेक्षा भाऊ दारुडा ठरलेला त्याला परवडला! मी ओरडलो, "अहो, गाडी ओढते!" पाहुणे हसले. "गाडीवर काय घालता," म्हणाले, आणि चपला घालून चालते झाले.

मी रागाच्या भरात जीपखाली शिरलो ते बाहेरच येईना. दादाशी बोललो नाही, जेवायलाही ओसरीवर गेलो नाही. कारण शेवटी मला माझ्याच सायकलवरून कळलं. सायकलचा पुढचा चिमटा वरून मागे कललेला असतो, म्हणून हात सोडले तरी ती सरळ जाते. जीपच्या पुढच्या चाकांचंही तेच. पण पुढची शॅकल लांब झाल्यावर कमानीचं पुढचं टोक खाली गेलं, तिच्यावर बसलेला आक्सल पुढे झुकला, आणि तो कल मेला. शिवाय स्टेअरिंगपासून चाकांकडे जाणारा आडवा दांडा उंचीमुळे तिरपा झाला होता, त्यामुळे प्रत्येक खड्ड्यात तोच चाकांना ओढायचा.

लोहाराकडून लोखंडी पाचरी घडवून घेतल्या, आक्सल आणि कमान यांच्यामध्ये घालायला. पहिल्यांदा जाड बाजू मागे बसली, तर गाडी अजूनच पिसाळली आणि थेट कपाशीत घुसली. शेजारी बांधावरून म्हणाला, "दिवसाउजेडी?" त्याच्या अंगावर धावून गेलो असतो, पण गाडी ढकलायला तोच हवा होता. मग पाचरी उलटवल्या, जाड बाजू पुढे. शहाद्याच्या मेकॅनिककडून खाली झुकलेला आर्म, म्हणजे तो दांडा ओढणारा लोखंडी हात, आणून दांडा पुन्हा आडवा केला. बाहेर काढली, वळवली, हात सोडले. चाकं आपली आपण सरळ झाली. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

त्यानंतर मी मुद्दाम जीप घेऊन सगळ्या बाजारांतून फिरलो, सुतासारखी सरळ. बघा म्हटलं, डोळे फाडून बघा! लोकांनी बघितलं. आणि पंधरा दिवसांत गावोगाव झालं, "त्यानी दारू सोडी दिन्ही."

पाहुणे परत आले. खुशीत होते. म्हणाले, "चूक होते माणसाकडून. सोडली हे मोठं." मी म्हटलं, "सोडली नाही हो! प्यायलोच नव्हतो. पाचरी काढून दाखवतो आत्ताच्या आत्ता, तुम्ही धरा स्टेअरिंग!" मी पाना घ्यायला उठलोसुद्धा. दादाने माझा हात धरून खाली बसवलं आणि कानात म्हणाला, "गप बस. जुळतंय ते मोडू नको." मग पाहुण्यांकडे वळून, गंभीर तोंड करून म्हणाला, "मीच समजाडं त्याले."

मला तापीचं पाणी ओंजळीत घेऊन शपथ घ्यायला लावली की पुन्हा शिवणार नाही. घेतली. काय करणार? ती मुलगी हवी होती मला. पाणी बोटांतून गळत होतं आणि मी दादाकडे बघत होतो. त्याने डोळे मिटून हात जोडले होते, माझ्यासाठी.

लग्न झालं. तिला त्याच जीपवर गाडी शिकवली. आक्सलखाली झोपवून पाचरी दाखवल्या, सगळं सांगितलं. ती सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "जाऊ द्या ना आता. सुटली ना?"

परवा छातीत दुखलं म्हणून डॉक्टरकडे गेलो. नवा तरुण डॉक्टर. विचारलं, "आजोबा, दारू?" मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "सोडली. लग्नाआधीच."

शेजारच्या बाकावर दादा बसला होता, नव्वदीचा, काठी टेकून. त्याने मान डोलावली.