शाबासकीचं बटन

आमच्या इनामगावात भिमाजीआबांसारखा बैलवाला न्हवता. मी वच्छला, त्यांच्या बांधाशेजारची, म्हनून सांगते. नवं खोंड दावणीला आलं की आबा आधी त्याच्याशी बोलायचे, पाठीवरून हात फिरवायचे, कामाला जुंपायचे ते नंतर. ट्रॅक्टर आला, बैल गेले, आन् आबा नुसते ओट्यावर बसून ऱ्हायले.

मग एका कंपनीनं आबांच्या कांद्यात खुरपणीचा रोबो आनला, त्येला काम शिकवायला. संगं अक्षदा नावाची इंजिनियर पोरगी. ती म्हनाली, "आबा, याचं डोकं मेंदूसारखं बनवलंय. बॅटरी उतरली की याला भूक लागते, अडथळा दिसला की भीती वाटते. आधी काय करायचं ते हाच ठरवतो. तुमचा आवाज ओळखतो. चांगलं काम केलं की हे हिरवं बटन दाबा, म्हणजे शाबासकी."

झालं की! आबांना दुसरं काय येतंय? यंत्र जांभळीखाली त्यांच्यापाशी येऊन थांबलं की, "दमलं रे माझं वासरू," म्हनून बटन दाबायचे. मी वरडले, "आवं आबा, तण तसंच हाय की!" तर माझ्यावरच डाफरले, "आधी रुळू दे त्येला."

रुळलं. इतकं रुळलं की कांदा सोडून आबांच्या मागंमागं फिरायला लागलं. आबांजवळ थांबनं हेच आपलं काम, असं त्यानं ठरवून टाकलं.

कंपनीनं कळवलं, परत आना, डोकं पुसून नव्यानं शिकवू. आबांनी पोरीला हात जोडले. "चूक माझी हाय. त्येला कशापायी शिक्षा?"

"माझ्या हातात काही नाही हो, आबा." तिचे डोळे भरले. मला तिचा राग करायचा व्हता, पन करवंना.

टेम्पोत चढायला लावलेल्या फळीला ते भ्यायलं. चढंना. ढकललं की चाकं उलटी फिरवायचं. शेवटी अक्षदा खाली मान घालून म्हनाली, "आबा, तुम्हीच बोलवा. ओढलं तर मोडेल."

आबा टेम्पोत चढले. "ये, राजा." ते फळीपाशी थबकलं, मागं सरलं, आन् भीती गिळून वर गेलं. त्यांच्या गुडघ्याला टेकून उभं ऱ्हायलं.

आबा उतरायला लागले तसं तेबी वळलं.

"थांब," आबा म्हनाले. आवाज पार फाटला व्हता.

ते थांबलं. मेल्यानं ऐकलं ओ! न्हाई ऐकलं असतं तर बरं झालं असतं.