मायचं गरम पाणी

बालाघाटच्या दातांच्या दवाखान्यात नंबरची वाट बघत होते. शेजारच्या बाईने गुडाखूची डबी उघडली आणि गूळ-तंबाखूचा तो वास आला. माझी माय रोज सकाळी याच काळ्या लगद्याने दात घासायची. थंड पाणी लागलं की तिच्या दातांत कळ जायची. गुडाखूने दात बधिर व्हायचे, म्हणून ती अजून जोरात घासायची.

किरनापूरच्या घरी भर मे महिन्यात ती पाणी गरम करून प्यायची. काकू हसायची, "काहून वो, बाळंतीण हायेस का?"

एकदा पाहुण्यांसमोर काकूने बर्फाचं सरबत तिच्या हातात दिलं. मायने माझ्याकडे पाहिलं. मी बारा वर्षांची होते, मला तिची लाज वाटली. म्हटलं, "पी ना माय, तुया एकटीचेच दात नाजूक हायेत का?"

सगळे हसले. तिने गिलास एका दमात रिकामा केला, पदर तोंडावर दाबला आणि चुलीपाशी जाऊन बसली. मला वाटलं, रुसली.

आज त्या गुडाखूवाल्या बाईचा नंबर लागला. पडद्याआडून डॉक्टर तिला सांगत होते, घासून घासून हिरड्या खाली गेल्या, मुळं उघडी पडली. गुडाखू सोडा, मऊ ब्रश हलक्या हाताने फिरवा, ही पेस्ट लावा. महिन्या-दोन महिन्यांत कळ कमी होईल.

बाई बाहेर आली. "काई खास नाही म्हणे," ती मला म्हणाली.

मायच्या कळेबद्दल आमच्या घरातही सगळे हेच म्हणायचे.