उरलेला ऑक्सिजन

चंद्रपूरच्या उन्हाळ्यात भट्टी पेटवणारी बाई म्हणून कॉलेजात माझी भरपूर टिंगल व्हायची. खिडकी उघडा मॅडम, काम होऊन जाईल, असं सहकारी म्हणायचे. मला राग यायचा, पण कोणाकोणाला समजावणार. माझं काम गॅलियम ऑक्साइडवरचं. शुद्ध असेल तर या पारदर्शक स्फटिकातून वीज वाहत नाही. ती वाहावी म्हणून दूरच्या एका प्रयोगशाळेतून त्यात सिलिकॉनचे आयन जोरात घुसवून आणायचे. आत शिरताना ते स्फटिकाची पार नासधूस करतात. मग त्याला भट्टीत तापवून सावरायचं आणि सिलिकॉनला नीट जागेवर बसू द्यायचं. एवढं शेवटचं काम आमच्याकडे होई.

नायट्रोजनमध्ये तापवलेले स्फटिकाचे तुकडे चांगले निघाले होते. ऑक्सिजनमध्ये तापवायचे तेवढे राहिले आणि कोरोनाची दुसरी लाट आली.

भट्टी माझी म्हणायची, पण सांभाळायचे आमचे लॅब अटेंडंट. कोरपन्याकडचे, वयानं माझ्याहून बरेच मोठे. मी त्यांना भाऊच म्हणे. गॅसच्या चावीला ते दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. त्यांची बायको दर उन्हाळ्यात माझ्यासाठी डबाभर टेंभरं, म्हणजे तेंदूची गोड फळं, पाठवायची.

एका दुपारी भाऊ लॅबच्या दारातच थांबले.

"मॅडम, तिले श्वास घेता नाई येऊन राह्यला. दवाखान्यातले सिलिंडर संपले. आपला नेऊ का?"

एरवी त्या लॅबमधून एक बीकर बाहेर न्यायचा तरी सह्या लागायच्या. त्या दिवशी मी कोणालाही विचारलं नाही. आम्ही दोघांनी मिळून सिलिंडर ऑटोत चढवला. गॅस शुद्ध होता, डॉक्टरांनी तपासून लावून घेतला. सिलिंडर भरलेला होता, म्हणून ती वाचणार अशी मला खात्रीच वाटली. आता त्या खात्रीची चीड येते.

भाऊंची बायको संध्याकाळपर्यंतही टिकली नाही. सिलिंडर शेजारच्या खाटेवर गेला, मग तिथून आणखी पुढं.

लाट ओसरल्यावर भाऊ तो परत घेऊन आले. नेहमीच्या जागी साखळीनं बांधला, दाबाचा काटा पाहिला.

"थोडा उरला हाये. तुमचे तुकडे पडून हायेत, करून घ्या."

"नको भाऊ," मी म्हटलं. मला खरंच नको होतं.

"काऊन नको? तिच्यानंतर दोघं वाचले याच्यावर. उरलेला वाया काऊन घालवायचा?"

त्यांनीच चावी उघडली, भट्टी लावली आणि स्टूल ओढून काट्यासमोर बसले. त्या तुकड्यांचा स्फटिक सावरला, पण नंतर मोजलं तेव्हा वीज काही वाहिली नाही. ऑक्सिजनमध्ये सिलिकॉन कामाला लागत नाही, एवढं त्यातून कळलं. शोधनिबंधात ते एका वाक्यात मावलं.

भट्टी निवत आली तेव्हा काटा शून्यावर टेकला होता. भाऊंनी चावी घट्ट बंद केली, पण हात काढला नाही. तिच्या अंत्यविधीला त्यांना जवळही जाऊ दिलं नव्हतं. तेव्हापासून मी त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं.

"संपला, मॅडम," ते म्हणाले, आणि सिलिंडरला डोकं टेकवून रडायला लागले.