क्लबचं नाव बदललं तेव्हा

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही कतारला, दोह्याच्या अल मन्सूरा भागात राहत होतो. वरच्या मजल्यावर एक फ्रेंच इंजिनिअर होता, आमच्या ह्यांच्याच ऑफिसातला. पन्नाशीचा, एकटा जीव. दर शुक्रवारी आमच्या गाडीतून समैस्माच्या किनाऱ्यावर यायचा, मी केलेले बटाटेवडे हाणायचा आणि आपल्या गावच्या फुटबॉल क्लबाबद्दल बोलत सुटायचा. दुसरा विषय म्हणून नाही. माझे तर कान किटायचे.

ऐकून ऐकून मला तो क्लब पाठ झाला होता. गाव नदीकाठचं, बंदरावरच्या हमालांचं. त्याच्या आजोबांनी आणि बाकीच्या हमालांनी सुट्टीच्या दिवशी जहाजांच्या मोडक्या फळ्या खांद्यावरून आणून प्रेक्षकांसाठी पहिले बाक ठोकले. पुढे क्लब मोठा झाला, पगारी खेळाडू आले, पण जर्सी तीच काळी-हिरवी आणि नावही त्या हमालवस्तीचंच. शेजारच्या श्रीमंत गावाचा क्लब म्हणजे त्यांचा हाडवैरी. त्याचा विषय निघाला की हा गृहस्थ वाळूत थुंकायचा.

एका शुक्रवारी तो गाडीत बसला तो तोंड न उघडताच. समैस्मा आलं, मी चटई अंथरली. शेवटी म्हणाला, सकाळी बहिणीचा फोन आला होता. दोन्ही क्लब एक करून टाकले. नवीन नाव, नवीन रंग, आणि सामने त्या श्रीमंत गावात.

"अरे वा, म्हणजे लग्नच लागलं की," हे म्हणाले. "अभिनंदन."

मलाही ती आनंदाचीच बातमी वाटली, खोटं कशाला बोलू? सासर श्रीमंत मिळालं, आता पोरं नीट खातील-पितील. डब्यात शिरा होता, तो मी त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो तसाच परत डब्यात ठेवला आणि त्याचे डोळे भरून आले. एवढा दांडगा माणूस, मी हबकलेच.

"मादाम, माझा क्लब मेला," तो म्हणाला. "खलास."

"मेला कसा? खेळाडू आहेत, मैदान आहे," हे समजावू लागले. "नाव तर बदललं फक्त. आमच्याकडे लग्नात बायकोचं नाव बदलतात. हिचं मीच बदललं. ताटात तांदूळ पसरायचे, त्यात अंगठीने नवीन नाव लिहायचं."

"आडनाव ना?"

"आडनाव तर बदलतंच. मी नावाचं म्हणतोय."

तो रडायचाच थांबला. आपलं दुःख विसरून माझ्याकडे बघत राहिला. मग ह्यांना म्हणाला, "त्यांना विचारलं होतं?"

"त्यात विचारायचं काय?" हे हसले.

खरंच, कुणी विचारलं नव्हतं. मी ताटाच्या पलीकडून उलटी अक्षरं लावत आपण आता कोण झालो ते वाचलं होतं. वाईटही वाटलं नव्हतं तेव्हा. सगळ्यांचंच बदलायचं.

"मग आधीचं नाव काय होतं?" त्याने ह्यांनाच विचारलं.

हे डोकं खाजवायला लागले. मला आधी वाटलं, थट्टा चाललीय. माहेरी मला सगळे ताई म्हणायचे, पासपोर्टवर नवीन नाव, हे सगळं कबूल. पण लग्नपत्रिका तर ह्यांनीच घरोघर वाटली होती.

"थांब हां," हे म्हणाले, "स वरून काहीतरी होतं. काय गं?"

स वरून नव्हतंच. मी रागारागाने खरं नाव सांगितलं. फ्रेंच माणसाने ते दोनदा म्हणून पाहिलं, नीट जमेपर्यंत. दोह्यात आल्यापासून ते नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि तेही परक्याच्या तोंडून.

"छान आहे की गं," हे म्हणाले. "मग बदललं कशाला आपण?"

आपण, म्हणे.