चौतीस मजला आणि दोन तास

वालूरच्या कोंडीबाला निजामाच्या पोलिसांनी दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी, सकाळचं विमान डोक्यावरून जाताच, मुसक्या बांधून नेलं. गुन्हा एवढाच की त्याचं गणित बरोबर आलं.

कोंडीबा मेंढ्या राखायचा. दरवर्षी बकरीदीआधी मेंढे हैदराबादच्या बाजाराला पायी हाकत न्यायचा. कळप दिवसभरात चालतो ती एक मजल. अंतर तो मजलांनीच सांगे. "हैदराबादहून वालूर पंचीस मजला, वालूरहून औरंगाबाद नऊ. पायानं मोजलंय." मी पत्रकं घेऊन हिंडताना दिसलो की लांबूनच ओरडायचा, "काय पुढारी, आज कुणाला जागं करायलास?"

एकदा औरंगाबादचं विमान रुळांच्या वाटेनं आमच्यावरून गेलं. माझ्या घड्याळात साडेआठ. हैदराबादच्या विमानतळावरून ते सातला सुटतं, हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. एवढंच त्याला सांगितलं. त्यानं काठीनं मातीत रेघा ओढल्या.

"पंचीस मजला दीड तासात. मंग ऱ्हायलेल्या नऊला अर्धा तास धर. नवाला उतरतंय बग."

वर्तमानपत्रात नऊच छापलं होतं! मी थक्क झालो. तो म्हणाला, "कागदाला इचारून सांगायला आमी काय पटवारी हाव?"

मग त्याला छंदच लागला. काठी रोवायची, सावली ठरल्या जागी आली की हात वर करायचा, आणि विमान यायचं. गावातली माणसं त्याच्या घोंगडीवर बसून ही मौज बघायची.

त्या सकाळी पोलिसांचा अमीन, म्हणजे फौजदार, आला. निजामाच्या सरहद्दीपलीकडे विमानांच्या वेळा कोण कळवतं, हे पोलिसांना शोधायचं होतं. चावडीसमोर त्यानं दरडावलं, "हवाई जहाज की खबर कौन रखता?" सगळ्यांनी माना खाली घातल्या. कोंडीबाला वाटलं, सरकार जाणता माणूस शोधतंय. तो पुढं झाला. "मी सांगतो सायेब. आत्ता येईल बगा." काठी रोवली, सावली पाहिली, हात वर केला. विमान आलं.

"तेरेकू कैसे मालूम?"

"मेंढरं हाकून, सायेब."

अमीनाला वाटलं, हा आपली थट्टा करतोय. कानफटात बसली. पंचनाम्यात तो हेर ठरला आणि त्याच घोंगडीवर बसणाऱ्या पाच जणांनी पंच म्हणून मुकाट अंगठे उठवले. मी तेव्हा सेलूला पत्रकं वाटत होतो; हे सगळं परतल्यावर कळलं. विमानाची वेळ मीच सांगितली, हे मी नंतर परभणीच्या कचेरीत जाऊन ओरडून सांगितलं. उत्तर मिळालं, पंच फिरले तरच बोला.

परभणीच्या तुरुंगात त्याला भेटलो. गाल सुजला होता. त्यानं एकच विचारलं, "मेंढरं कोण राखायलंय?" निम्मी पांगली होती.

हे पत्रक वाचणाऱ्या, त्या पाचांतला एखादा तुझा भाऊ असेल, मामा असेल, सोयरा असेल. त्याला हाताला धरून परभणीच्या कचेरीत ने आणि 'पंचनामा खोटा आहे' असं लिहून त्यावर त्याचा अंगठा घे. आजच.